तीन गोधड्या, एक दुपटं आणि कमी पडलेले हात

हे प्रकरण नागपुरातल्या एका घरातलं आहे. नावं, नेमकी वस्ती आणि नातीच्या कॉलेजचं गाव मुद्दाम दिलेलं नाही. मी त्याच भागात शिवणक्लास चालवते. घरच्यांनी मला त्यांच्या बैठकीत बसवून घेतलं, म्हणून निर्णय कसे झाले ते जवळून पाहता आलं. मजकूर त्यांनी वाचला आहे आणि छापायला होकार दिला आहे. गोधडी शिवणाऱ्या बाया घरोघरी आहेत. वय झालं तरी घरातल्या प्रत्येक शुभकार्याला त्यांच्याकडून काहीतरी हवंच असतं. अशा घरांना हे उपयोगी पडावं, असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

काकूंचं वय 68. माहेर उमरेडकडचं. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आल्या आणि आता थोरल्या मुलाबरोबर दक्षिण नागपुरात राहतात. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या या गिरणीवर शहरातल्या कितीतरी घरांची चूल पेटायची. सासूबाई विणकर घरातल्या. त्यांच्या माहेरी हातमागावर विणलेली सुती लुगडी त्या शेवटपर्यंत नेसल्या. काकूंना गोधडी शिकवली ती त्यांनीच.

घराचा एक रिवाज आहे. घरात येणाऱ्याला दुपटं आणि घरातून बाहेर पडणाऱ्याला गोधडी. धाकटा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याला मिळाली, ननंदेची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिला मिळाली. याशिवाय काकू वर्षाला दोन-चार बाहेरच्या ऑर्डरी घेतात. लोक आपल्या जुन्या साड्या आणून देतात आणि शिलाई ठरते. त्या पैशाला घरात कोणी हात लावत नाही.

काकूंचं काम पाहण्यासारखं आहे. पाच थरांतूनही त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा बसतो आणि उलट्या बाजूनेही तेवढाच दिसतो. गाठ थरांच्या आत ओढून घेतात, ती वर कुठेच सापडत नाही. काठापासून सुरू करून चौकटी-चौकटीने आत मधोमध येतात. कोपऱ्यावर वळताना सुई काढत नाहीत, कापडच फिरवतात.

पण गोधडी एकटीने होत नसते, हे बाहेरच्याला दिसत नाही. थर अंथरणं, चारही बाजूंनी ताणून सुरकुती काढणं आणि कच्चे टाके घालणं हे मोठी सून करायची. रोज सकाळी सुया ओवून ठेवायचं काम नातीचं. काकू फक्त दोरे घालायच्या, म्हणजे थर जोडणाऱ्या टाक्यांच्या ओळी.

गेल्या वर्षी या घरात एकामागून एक आनंदाच्या गोष्टी घडल्या. अंगणवाडी सेविका असलेली मोठी सून परीक्षा देऊन मुख्यसेविका झाली आणि तिच्याकडे नागपूर ग्रामीणमधल्या वीसच्या वर अंगणवाड्या आल्या. नातीला एमबीबीएसला सरकारी जागा मिळाली. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी कॉलेजांत नाही, बाहेरगावी मिळाली. पण या घरातली ती पहिली डॉक्टर. धाकट्या सुनेला दिवस गेले होते, तिची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर होती. तान्ह्या पोळ्याला दहा वर्षांच्या नातवाच्या लाकडी बैलाला वस्तीत बक्षीस मिळालं. त्या बैलाची झूलसुद्धा काकूंनीच शिवलेली, आरशाचे तुकडे लावून.

अडचण

प्रत्येक आनंदाबरोबर शिवायचं काम वाढलं आणि शिवणाऱ्या हातांतला एक हात कमी झाला. सून दौऱ्यावर असायला लागली. सुया ओवणारी नात हॉस्टेलला निघाली. घरात पेढे वाटताना हा हिशेब कोणाच्याच डोक्यात आला नाही आणि येणारही कसा?

सप्टेंबरच्या सुरुवातीला काकूंसमोर असलेलं काम असं होतं. नातीची गोधडी, तीही सासूबाईंच्या लुगड्याची. बाळाचं दुपटं, जमलं तर झबलं आणि कुंची. आणि धरमपेठेतल्या एका कुटुंबाच्या दोन गोधड्या. त्यांच्या मुलीचं लग्न नोव्हेंबरअखेर होतं, श्रावणात उचल घेतली होती आणि त्यातून अस्तराचं नवं कापड गांधीबागेतून आणूनही झालं होतं.

दुसरीकडे काकूंचा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा दुखायला लागला होता. सुई टोचताना त्रास नव्हता, पाच थरांतून ओढून काढताना कळ यायची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचं उन्हाळ्यातच कळलं होतं. पिवळ्या बल्बखाली गडद कापडावर गडद दोरा दिसेनासा झाला, तरी त्या रात्री बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "दिसून राहिलं ना बाप्पा, तुम्ही काहून काळजी करता?"

नातीच्या कॉलेजची यादी लागली आणि हजर व्हायला जेमतेम आठवडा मिळाला. तोवर काकूंनी लुगडी पेटीतून काढली होती, कापायला घेतली नव्हती. त्या रात्री सून दौऱ्यावरून उशिरा आली, तेव्हा काकू बल्बखाली बसून सुईत दोरा घालायचा प्रयत्न करत होत्या. दुसऱ्या दिवशी सुनेने मला बोलावलं.

हिशेब

मी आधी एक कागद घेतला आणि काकूंसमोर शिवणीची लांबी काढली. मला हे करायचंच होतं, कारण शिवणाऱ्या बाईच्या तासांचा हिशेब कोणी मांडत नाही, ती स्वतःही नाही.

एका माणसाची गोधडी साधारण पाच फूट बाय सात फूट. काकूंचे दोरे बोटभर अंतरावर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरवर असतात. सरळ ओळी घातल्या काय किंवा चौकटीने आत आलं काय, एकूण दोरा सारखाच लागतो. एका गोधडीला जवळजवळ 160 मीटर शिवण. दुखऱ्या अंगठ्याने काकूंचा वेग तासाला चारेक मीटर होता. म्हणजे एका गोधडीला 40 तास, तिन्हींना 120. तीन फुटी दुपट्याला आणखी दहा. थर लावणं, वरचा पदर म्हणजे दर्शनी थर जोडणं, काठ दुमडणं यांचे तीसेक तास वेगळे. उजेडात, अंगठ्याला झेपेल असं काम दिवसाला दोन तास. म्हणजे एकही दिवस न चुकवता 80 दिवस. मध्ये महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी आणि बारसं.

कागदावरचा आकडा पाहून मुलगा गप्प झाला. त्याला वाटत होतं, आई "बसल्या बसल्या" करते.

कापडाचंही मोजलं. पाच थरांच्या गोधडीला 175 चौरस फूट कापड लागतं. नऊवारीतून शंभराच्या आसपास निघतं, सहावारीतून पासष्टेक. सासूबाईंची दोन लुगडी शिल्लक होती. एक निळं, घडीवर विरलेलं, आणि एक मोरपंखी, जवळपास धड. निळं वरच्या पदराला आणि काकूंच्या दोन जुन्या सुती साड्या आतल्या थरांना, असं बसत होतं.

पर्याय

पहिला पर्याय मुलाचा. नातीला चांगलं ब्लँकेट विकत घेऊन द्यावं, धरमपेठेची उचल परत करावी, आईने फक्त दुपटं शिवावं. हे प्रेमापोटीच होतं. पण काकूंच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्यांना हे बाजूला काढल्यासारखं वाटलं. शिवाय उचलीतले पैसे कापडात गेलेले होते.

दुसरा, सगळं मशीनवर. माझ्या क्लासचं मशीन मोकळं होतं. पण साध्या मशीनवर पाच थर घातले की पायाचा दाब वरचा थर पुढे ढकलतो, खालचे दाते खालचा ओढतात, आणि टोकाला पोचेपर्यंत चुणी पडते. दाट मशीन-टाक्याची गोधडी कडकही होते, अंगाला लपेटत नाही. वरच्या पदराचे तुकडे जोडायला आणि काठाला मशीन चालेल, दोऱ्यांना नाही, असं माझं मत होतं आणि काकूंचंही.

तिसरा, दोऱ्यांतलं अंतर वाढवायचं. दोन बोटांवर दोरे घातले की 160 मीटरचे 80 होतात. जुन्या सुती कापडाला एवढं पुरतं, कारण आत सुटा कापूस नसतो, सरकणारं काही नसतं. गोधडी थोडी हलकी पडते इतकंच. काकूंना हे पसंत नव्हतं.

चौथा, वस्तीतल्या दोन बायांना शिलाई देऊन ऑर्डरचं काम वाटायचं. यात प्रश्न दर्जाचा होता आणि सांगण्याचाही. धरमपेठेच्या लोकांनी काकूंचा हात पाहून काम दिलं होतं. त्यांना न सांगता दुसऱ्याकडून करून घेणं मला मान्य नव्हतं.

पाचवा, डोळ्याचं ऑपरेशन आताच उरकायचं. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, दोन-चार महिने थांबलं तर चालेल. केलं तर काही आठवडे थेंब, धूळ-पाण्यापासून जपणं, आणि जवळचा चष्मा डोळा स्थिरावल्यावर, महिना-दीड महिन्याने. म्हणजे ऐन कामाचे दिवस त्यात गेले असते.

पहिला मोठा निर्णय: गोधडी नेमकी कधी लागणार?

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. नात निघताना तिच्या हातात गोधडी द्यायची, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सून म्हणाली, "आई, सप्टेंबरात ती गोधडी घेऊन करेल काय? उकाडा आहे अजून."

खरंच होतं. आपल्याकडे थंडी दिवाळीनंतर पडते. पडते तेव्हा मात्र चांगली पडते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. नातीचं गावही विदर्भातलंच. तिला गोधडी लागणार नोव्हेंबरच्या शेवटी, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येणारच होती.

काकू ऐकायला तयार नव्हत्या. "पोरगी पहिल्यांदा घराबाहेर पडून राहिली अन् मी तिला रिकाम्या हातानं पाठवू?" त्यांचा हट्ट मी समजू शकते. रिवाज त्यांनीच सांभाळला होता, आणि पहिल्या डॉक्टरच्या वेळीच तो मोडायचा? नातीने मग मार्ग काढला. "आजी, त्याच लुगड्याचा उशीचा अभ्रा दे. बाकी दिवाळीला." अभ्रा मशीनवर एका दुपारी झाला. काकूंनी त्याच्या एका कोपऱ्यात बोटभर जागेत हाताने धावदोरा घातला आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

या एका निर्णयाने कामाची रांग बदलली. बाळाची तारीख कोणाच्या हातात नसते, लवकरही येऊ शकतं, म्हणून दुपटं पहिलं. ऑर्डर दुसरी. नातीची गोधडी ऑर्डरीच्या मधल्या वेळात, दिवाळीपर्यंत.

दुसरा निर्णय: लुगडं कोणाचं?

इथे घर चुकलं. अभ्रा कापायला निळं लुगडं पसरलं होतं, मोरपंखीही बाजूला काढून ठेवलं होतं, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला ननंद आली. आईची लुगडी कात्रीशेजारी पाहून ती काही बोलली नाही. जेवण झालं, आवराआवर झाली, तशी निघून गेली. दोन दिवस फोन उचलला नाही.

कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण ती लुगडी तिच्या आईची होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. काकू स्वतः रिक्षा करून तिच्याकडे गेल्या. ननंदेला आपल्या घरच्या महालक्ष्म्यांना आईचं लुगडं नेसवायचं होतं, ती कित्येक वर्षं ते मनात धरून होती. मोरपंखी लुगडं तिथल्या तिथे तिच्या स्वाधीन झालं. निळं तसंही नेसवण्याजोगं उरलं नव्हतं. "त्याची गोधडी कर, पण काठ मला दे," असं तीच म्हणाली.

काठाचा प्रश्न त्यातून आपोआप सुटला, कारण त्याचा लाल रंग उतरत होता. आम्ही पांढरं ओलं फडकं काठावर पाच मिनिटं दाबून ठेवलं, तर ते गुलाबी झालं. निळ्या अंगावर दाबलेलं तसंच पांढरं राहिलं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग बसतो असं बाया सांगतात, पण त्यावर विसंबून पाच थरांची मेहनत डावावर लावू नये. उतरता रंग गोधडीत घ्यायचाच नाही, हा माझ्या क्लासमधला नियम आहे. दुपट्यासाठी तर आम्ही रंगाच्या वाटेलाच गेलो नाही. सासऱ्यांच्या धोतराचे धुऊन धुऊन मऊ झालेले दोन थर, वर काकूंच्या फिक्या साडीचा एक.

तिसरा निर्णय: धरमपेठेला काय सांगायचं?

काकूंना फोन करायची लाज वाटत होती. शब्द दिल्यावर मागे फिरायचं कसं? मी सुचवलं की अडचण एकटी न सांगता सोबत तीन गोष्टी ठेवायच्या: दोन्ही गोधड्या काकूंच्या हाताने पण जानेवारीत; नाहीतर एक काकूंची आणि एक दुसऱ्या बायांनी काकूंच्या देखरेखीत शिवलेली, पण वेळेवर; किंवा कापड आणि उरलेली उचल परत. त्या बाईंनी फार समजूतदारपणे दुसरी निवडली आणि दोरे दोन बोटांवर चालतील असंही सांगितलं. शिलाई वाटून देताना काकूंनी देखरेखीचं काही घेतलं नाही. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलंही. थर तपासणं, चुणी काढायला लावणं, कोपरे वळवून दाखवणं हेही कामच आहे.

काम कसं झालं

सकाळी डब्याची घाई असतानाच मुलगा दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायला लागला. दोरा हातभरच, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि ओढताना हात जास्त वर जातो. बसायची जागा बदलली. बल्बखालची खाट सोडून काकू पूर्वेच्या गॅलरीत बसायला लागल्या, सकाळी आठ ते दहा. रात्रीचं शिवणं बंद. हे बंद करायला बरेच दिवस लागले.

अंगठ्यासाठी एक साधी गोष्ट फार कामी आली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा. सुईचं टोक वर आलं की ते रबराने धरून ओढायचं. चिमटीत जोर लागत नाही, सुई निसटत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान होतंच. अर्ध्या तासाने हात थांबवून पाच मिनिटं कोमट पाण्यात धरायचा, हे सुनेने लावून दिलं.

थर रविवारी लागायचे. हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवून सगळे जमिनीवर. मुलगा आणि सून दोन टोकांना ताण धरायचे, नातू गुडघ्यावर सरकत पट्टीने खडूच्या रेघा मारायचा. खडूची रेघ आखलेली असली की एका डोळ्याने नीट न दिसणाऱ्या माणसालाही ओळ सोडावी लागत नाही. हे आधीच करायला हवं होतं असं काकू म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी नजरेनेच अंतर धरलं होतं.

मुलाला दोरे घालायची हौस आली. नातीच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात त्याने बऱ्याच ओळी घातल्या. टाके बोटाच्या पेराएवढे लांब. सगळे म्हणाले, राहू दे, बापाच्या हातचे आहेत. काकूंनी दुसऱ्या दिवशी ते उसवले. त्यांचंच बरोबर होतं. लांब टाक्यात झोपेत पायाचं बोट अडकतं, दोरा तुटतो आणि मग सगळी ओळ सुटते. त्यांनी मुलाला शेजारी बसवून टाका शिकवला आणि तोच कोपरा पुन्हा त्याच्याकडून घालून घेतला. गोधडीत आज आहे तो त्याचा दुसरा प्रयत्न.

निष्पत्ती

बाळ तारखेच्या बरंच आधी आलं, वर्ध्याला, धाकट्या सुनेच्या माहेरी. मुलगा झाला. दुपटं तयार होतं. झबलं-कुंची झाली नव्हती, ती इतवारीतून विकत आणली आणि कोणालाही काही वाटलं नाही. बाराव्या दिवशी बारशाला काकू दुपटं मांडीवर घेऊन वर्ध्याला गेल्या. मोठ्या सुनेने जाताना बजावलं होतं, की दुपटं बाळाला गुंडाळून घ्यायला आहे, झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल टाकायचं नाही, तोंडावर येतं. ती हे अंगणवाडीत रोजच सांगते.

नातीची गोधडी दिवाळीत तिच्या हातात पडली. अंगठ्याने दगा दिल्यामुळे मधला भाग दोन बोटांवर आहे आणि काठाकडचा बोटभर अंतरावर. पाहणाऱ्याला हे नक्षीच वाटतं.

धरमपेठेच्या कामात फटका बसला. काकूंची गोधडी उत्तम झाली. दुसरीला पहिल्या धुण्यात चुण्या पडल्या. अस्तराचं नवं कापड भिजवून, आटवून घ्यायचं ठरलं होतं. एका गोधडीचं घेतलं गेलं, दुसरीचं तसंच लागलं. जुनं कापड आधीच आटून बसलेलं असतं, नवं सुती पहिल्या पाण्यात आटतं आणि बाकीच्या थरांना ओढून घेतं. काठ उसवून अस्तर सोडवावं लागलं. लग्नानंतर आठवड्याने गोधडी पोचली. त्या कुटुंबाने पूर्ण शिलाई दिली आणि मुलगी माहेरी आली तेव्हा ती काकूंना भेटून गेली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. नीट झालं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑपरेशन जूनमध्येच करायला हवं होतं. तेव्हा हातात एकही ऑर्डर नव्हती. घरात कोणीतरी म्हणालं, पावसाळ्यात डोळ्याचं नको, आणि सगळे थांबले. आताच्या पद्धतीत ऋतूचा अडसर राहिलेला नाही, हे डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. हा एक निर्णय वेळेवर झाला असता तर बाकीच्या अर्ध्या अडचणी आल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

श्रावणात ऑर्डर घेताना घरातलं कॅलेंडर पाहायला हवं होतं. नातीचा निकाल लागणार, बाळ येणार, सुनेची बदललेली नोकरी, हे सगळं माहीत असलेलंच होतं. आता काकू ऑर्डर घेण्याआधी सुनेला विचारतात, "त्या महिन्यात तुझं काय आहे?" आणि कॅलेंडरवर गोधडीचे तास लिहितात, दिवस नाही.

लुगड्याला कात्री लावायच्या आधी ननंदेला एक फोन. जुन्या कापडावर ज्यांचा जीव आहे, ती माणसं बरेचदा त्या घरात राहत नसतात.

अस्तर भिजवायचं काम कोणाकडे, हे नाव घेऊन ठरायला हवं होतं. "आपण भिजवून घेऊ" असं ठरलं होतं, आणि त्या "आपण"मध्ये कोणीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट राहून गेली. तीही काकूंच्याच लक्षात आली, चष्मा लागल्यावर तुकड्यांचं गाठोडं सोडून बसल्या होत्या तेव्हा. नातीला गोधडी झाली, बाळाला दुपटं झालं. मोठी सून दोन वर्षं रात्री अभ्यास करून मुख्यसेविका झाली, तिच्या वाट्याला फक्त पेढे आले. रिवाजात ती बसत नव्हती. ती ना घरात नवी आली होती, ना घर सोडून चालली होती. थर अंथरायला मात्र दर रविवारी तीच होती.

सध्या शिवायला तिचीच गोधडी आहे. कापड तिने स्वतः निवडलं, सेविका असताना नेसलेल्या चार सुती साड्या. थंडीतल्या दौऱ्यांत सोबत नेता यावी म्हणून चार थरांचीच आणि दोरे दोन बोटांवर, ही अटही तिचीच. साड्यांचे रंग ओल्या फडक्याने तपासून झाले आहेत, तारीख डिसेंबरची ठरली आहे आणि थर अंथरायला या वेळी मुलगा व नातू बसतात.